काठापासून चार बोटं

त्यांचं नाव मी लिहीत नाही. त्यांनाच ते खपलं नसतं. दुकानात एखाद्या गिऱ्हाइकानं सहज विचारलं, "साहेब, आपलं नाव काय?" की ते चष्म्यावरून त्याच्याकडे बघत आणि म्हणत, "कशाला पाहिजे?"

गिऱ्हाईक गडबडून जायचं. "तसं काही नाही, आपलं सहज."

"सहज कुणी नाव विचारत नाही," असं म्हणून ते पुढच्या कामाला लागत. नाव शेवटपर्यंत सांगत नसत. आम्ही तोंडावर त्यांना साहेब म्हणत असू आणि पाठीमागे 'भिंग'. त्यांच्या टेबलावर पितळी मुठीचं एक भिंग कायम असायचं, आणि ते समोर आलेल्या मालापेक्षा माल घेऊन आलेल्या माणसालाच त्यातून बघतात, असं आमचं मत होतं.

नगरला माळीवाड्याच्या स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर विणकरांच्या सोसायटीचं विक्रीचं दुकान होतं. तिथे मी मॅट्रिक आणि टायपिंगच्या जोरावर कारकून म्हणून लागले. वय एकवीस. हातमागावरची घोंगडी हा आमचा मुख्य माल. जिल्ह्यातले विणकर सोसायटीकडून लोकरीचं सूत न्यायचे आणि विणलेली घोंगडी आणून द्यायचे. हाताचं काम म्हटल्यावर एका घोंगड्यासारखं दुसरं होत नाही. एखादं एका अंगाला दोन बोटं आखूड असतं, एखाद्यात लोकरीची गाठ राहते, एखाद्याचा काळा पट्टा मध्येच जाड होतो. त्यामुळे आठवड्याला सहा-सात माणसं तरी काखोटीला घोंगडं मारून तक्रार घेऊन यायची. त्या तक्रारी ऐकायचं काम साहेबांचं आणि त्या लिहून घ्यायचं माझं.

साहेबांचे प्रश्न तीनच असत. कधी घेतलं? घरात कुठे ठेवलं होतं? आणि आजच का आलात?

तिसऱ्या प्रश्नावर त्यांचा सगळा भर. "एका धाग्यासाठी कुणी एस.टी.चं तिकीट काढून येत नाही, बाई," ते मला सांगत. "धागा हे निमित्त. खरी तक्रार पोटात असते. ती काढायची."

आणि पुष्कळदा ती निघायची. पारनेरकडचा एक शेतकरी आला होता. घोंगड्यात गाठ आहे म्हणाला. गाठ होती, ज्वारीच्या दाण्याएवढी. साहेबांनी ती बघितलीसुद्धा नाही. "दोन महिने झाले घेऊन. आजच का आलात?" तो आधी म्हणाला, बाजार होता. मग म्हणाला, पाव्हण्याकडे काम होतं. पंधरा मिनिटांनी त्याचा आवाज खाली आला. घोंगडं त्यानं जावयाला दिलं होतं, आणि व्याह्यांनी चार माणसांत म्हटलं होतं की सासऱ्यानं गाठीचं घोंगडं गळ्यात मारलं. साहेबांनी सुईनं गाठ मोकळी केली, धागा आत दाबला, मला एक कागद टाइप करायला सांगितला, 'माल तपासला, उत्तम आहे', आणि त्यावर सोसायटीचा शिक्का मारला. "हे व्याह्यांच्या हातात द्या." तो माणूस कागद टोपीत ठेवून गेला. जाताना साहेबांच्या पाया पडायला वाकला, तर साहेब खुर्चीसकट मागे सरले. त्यांना वाटलं, हा काहीतरी उचलतोय.

पण नेहमी असं होत नसे. कॅम्पातल्या एका लष्करी अधिकाऱ्याची पत्नी आली होती. तिच्या घोंगड्याचे दोन टोकांचे पट्टे एकमेकांशी जुळत नव्हते. साहेबांनी तीनदा मोजलं. अर्ध्या इंचाचा फरक होता. मग तिसरा प्रश्न. ती म्हणाली, मिस्टरांची बदली झालीय, पुढच्या आठवड्यात निघायचंय. साहेबांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की बघा, सापडलं. "म्हणजे वर्षभर वापरायचं आणि गाव सोडताना परत करायचं!" बाई लाल झाल्या. घोंगडं उचलून निघाल्या. मी पायरीपर्यंत मागे गेले, तर डोळे पुसत म्हणाल्या, "मला परत करायचं नव्हतं हो. अशाच चुकीचं दुसरं मिळेल का, ते विचारायचं होतं. जोडी झाली असती."

मी आत येऊन हे साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "आणि तुम्हाला ते खरं वाटलं?"

संशय हा त्यांचा स्वभाव होता की कशानं तो लागला होता, मला कधी कळलं नाही. कुणी म्हणे सख्ख्या भावानं फसवलं, कुणी म्हणे पहिल्या नोकरीत दुसऱ्याची चूक त्यांच्या अंगावर आली. बायको कधीच वारली होती, मूलबाळ नव्हतं. टेबल असं मांडलेलं की पाठीला भिंत आणि डोळ्यांसमोर दार. आलेलं पत्र आधी खिडकीच्या उजेडात धरायचे, मग फोडायचे. दोन कप चहा आला की त्यांच्यापुढचा कप माझ्याकडे सरकवायचे आणि माझा स्वतः घ्यायचे. रोज. पहिल्या चार महिन्यांत तर मी सोसायटीच्या चेअरमनची माणूस आहे अशी त्यांची खात्री होती. एकदा मला हळूच म्हणाले, "बाई, मी पुढच्या गुरुवारपासून रजेवर जातोय. कुणाला बोलू नका." मी कुणाला बोलले नाही. गुरुवारी ते कामावर हजर. चेअरमनना रजेचं काही कळलंय का, याचा अंदाज घेत दिवसभर बसले होते. ते कळलेलं नाही असं दिसल्यावर पाचव्या महिन्यात त्यांनी मला पहिल्यांदा परत आलेल्या मालाचं कपाट उघडू दिलं. स्वतः मागे उभे राहून.

बाहेरगावच्या मालाची गाठोडी उघडायचं कामही त्यांनी अलीकडे शिपायाकडून काढून स्वतःकडे घेतलं होतं. हमाल आतला चांगला नग काढून हलका नग घालतात, असा त्यांचा संशय. गाठोडं आलं की कोट काढायचे, खिशातून दाढीच्या ब्लेडचं पातं काढायचे आणि तरटाची शिवण सर्रकन कापायचे. मग एकेक घोंगडं भिंगाखाली.

आता ज्या विणकराबद्दल सांगायचं, तो जामखेडच्या पलीकडच्या एका खेड्यातला. साठीचा असेल. काटक, काळा, बोलणं कमी. आसपासचे विणकर माल खांद्यावर टाकून स्वतः यायचे. ह्याला ते लांब पडायचं, म्हणून तो घोंगडी तरटात घालून दाभणानं घट्ट शिवायचा आणि एस.टी.च्या टपावर टाकून द्यायचा. त्याच्या हातचं घोंगडं नुसत्या स्पर्शानं ओळखू यायचं. चिंचोक्यांची खळ तो अशी बेतानं द्यायचा की कापड ताठ राहायचं, पण टोचायचं नाही.

दुष्काळाचं साल होतं. जामखेडकडे तर पाऊस सलग दुसऱ्या वर्षी फिरकला नव्हता. निम्मी गावं ऊसतोडीला गेलेली, उरलेली सरकारी कामावर खडी फोडत होती. अशात त्या म्हाताऱ्याच्या मालाच्या तक्रारी यायला लागल्या. पहिली आली तेव्हा कुणाला विशेष वाटलं नाही. काठापासून चार बोटांवर दोन धागे निघून बोट जाईल एवढं भोक पडलं होतं. पण दुसऱ्या घोंगड्यालाही तिथेच. तिसऱ्यालाही. महिना-दीड महिन्यात सहा घोंगडी परत आली. सहाही त्याचीच आणि भोक काठापासून चार बोटांवर.

साहेबांचे डोळे चमकायला लागले. "चूक अशी एकाच जागी होत नाही, बाई. चूक फिरते. एका जागी असतो तो डाव." डाव काय, हेही त्यांनी ठरवून टाकलं होतं. म्हातारा धागे चोरतो. दर घोंगड्यामागे थोडं सूत मारायचं आणि त्यातून आणखी एखादं विणून बाहेर विकायचं. मी म्हटलं, "दोन धाग्यांत काय वाचणार, साहेब?" ते म्हणाले, "दोन आपल्याला दिसले."

एकाच विणकराविरुद्ध तीनच्या वर तक्रारी गेल्या की त्याचं सूत बंद, असा सोसायटीचा नियम होता, आणि तो लावायचा अधिकार साहेबांचा. तरी त्यांनी म्हाताऱ्याला पत्र घालून बोलावून घेतलं. त्याच्या तोंडून कबूल करून घ्यायचं होतं.

तो आला. टेबलावर सहा घोंगडी उलगडून ठेवलेली. त्यानं प्रत्येकावरून हात फिरवला. भोकात बोट घालून बघितलं.

"माल माझ्या हातचा हाय, सायेब," तो म्हणाला. "पर ही खोट माझी न्हाई."

"मग कुणाची?"

"ते मला ठावं न्हाई. मागावरनं उतरवलं तवा हे नव्हतं. खळ देताना सगळ्या घोंगड्यावरनं हात फिरतु माझा. भोक असतं तर गावलं असतं."

"सहा गिऱ्हाइकं खोटं बोलतात?"

"आसं मी म्हनत न्हाई."

"मग तुम्ही खोटं बोलताय."

मला आठवतं, चहा आलेला होता. साहेबांनी सवयीनं कप बदलला, त्याचा आपल्याकडे घेतला, आपला त्याच्याकडे सरकवला. म्हाताऱ्यानं ते बघितलं. कपाला हात न लावता उठला. दारात वळून एवढंच म्हणाला, "चाळीस वर्सं इनतोय. माज्या बापानंबी इनलं. चोर म्हनलं न्हाई कुनी." आणि गेला.

त्याच दिवशी मी सूत बंद केल्याचं पत्र टाइप केलं. ह्या हातांनी.

पंधरा दिवसांनी एक गाठोडं आलं. पत्र पोहोचण्याआधीच म्हाताऱ्यानं पाठवलेलं, कुठल्या तरी डेपोत अडकून पडलेलं. ते त्याचं शेवटचं गाठोडं. गाठोडं धरणारा शिपाई त्या दिवशी रजेवर होता, म्हणून साहेब मला म्हणाले, "बाई, जरा धरा." मी दोन्ही हातांनी तरट ताणून धरलं. साहेबांनी पातं काढलं आणि शिवणीत घालून ओढलं. माझं तोंड गाठोड्यापासून वीतभर अंतरावर होतं. पात्याचं टोक आतल्या लोकरीत शिरलेलं दिसलं, तरट फाटल्याचा आवाज आला, आणि त्यात दुसरा एक बारीक आवाज. सुतळी तुटल्याचा नव्हे.

साहेब वरचं घोंगडं भिंगाखाली धरून बसले. त्यांना काही दिसलं नाही, कारण खळीनं ताठ कापडात कापलेला धागाही जागच्या जागी बसून राहतो. ते जेवायला गेल्यावर मी ते घोंगडं उचललं आणि काठापासून चार बोटांवर दुमडलं. दोन धागे कापलेले होते. तिरपे. अंगावर घेऊन चार दिवस वापरलं, खळ सैल झाली, की ते निघून येणार होते. मी कपाटातली सहा घोंगडी काढून त्यांची टोकं बघितली. सगळी तशीच तिरपी कापलेली. गाठोड्यात सगळ्यात वर असलेल्या घोंगड्याचा काठ शिवणीला लागून यायचा. दर गाठोड्याचं एक घोंगडं पात्याखाली सापडत होतं.

दोन दिवस मी बोलले नाही. भीती वाटत होती, हे कबूल करायला हवं. म्हटलं, हे ऐकून साहेब काय करतील? मला कुणी फूस लावली, हेच शोधत बसतील. कदाचित घोंगडंच नाहीसं करतील. त्यांच्याजवळ राहून मलाही त्यांचा रोग जडला होता, आता मीच त्यांच्याकडे संशयानं बघत होते. तिसऱ्या दिवशी मात्र राहवलं नाही. घोंगडं त्यांच्यापुढे दुमडून ठेवलं.

ते बराच वेळ भिंगातून बघत राहिले. मग अपेक्षेप्रमाणे विचारलं, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. गाठोडं मी धरलं होतं, साहेब."

"दोन दिवस का थांबलात?"

"तुमची भीती वाटली."

त्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी शनिवार. मी कपाट उघडलं तर सहाही घोंगडी गायब, सातवंही नाही. साहेब आलेच नव्हते. म्हटलं, झालं. पुरावा गेला, म्हातारा चोर ठरला तो ठरलाच, आणि उद्या हे माझ्यावरच उलटेल. रविवार मी कसा काढला ते मला माहीत.

सोमवारी सकाळी साहेब दारात उभे. खांद्यावर मोठं गाठोडं. दाढी वाढलेली. ब्लेडचं पातं त्यांनी दाढीऐवजी दुसऱ्याच कामाला लावलं होतं.

"माझं घरचं घोंगडं घेतलं," खुर्चीत न बसताच ते सांगायला लागले. "तरटात घातलं, शिवलं, नेहमीसारखं कापलं. परत शिवलं, परत कापलं. सात वेळा. पाच वेळा घोंगड्याला लागलं." त्यांनी गाठोडं सोडलं. वर त्यांचं स्वतःचं जुनं घोंगडं होतं, काठाला जागोजागी कापलेलं, आणि खाली कपाटातली ती सातही. "जामखेडची गाडी किती वाजता आहे?"

मी वेळ सांगितली.

"तुम्हीही चला. मला साक्षीदार पाहिजे."

"कशाला? तुम्ही सांगितलं तर पुरे की."

"मी एकटा जाऊन आलो आणि सगळं सांगितलं म्हणून तुम्हाला येऊन म्हटलं, तर तुम्ही विश्वास ठेवाल?"

मी टाइपरायटरवर झाकण घातलं. ते म्हणाले, "मीही ठेवला नसता."

जामखेडला उतरून दुसरी गाडी, मग तीन मैल पायी. म्हातारा घरी नव्हता. शेजारणीनं माळाकडे हात केला. नव्या रस्त्याचं काम चाललेलं. शंभरएक माणसं उन्हात बसून खडी फोडत होती. त्यांत म्हातारा आणि त्याची बायको समोरासमोर, मधे दगडांचा ढीग. आम्हाला बघून म्हातारीनं पदर सावरला. म्हातारा हातोडी चालवतच राहिला.

साहेब त्याच्यासमोर उभे राहिले. मला वाटलं, त्याला बाजूला बोलावतील. तसं काही केलं नाही. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ती खोट तुमची नव्हती. गाठोडं उघडताना माझ्या पात्यानं धागे तुटत होते. मी तुम्हाला चोर म्हटलं ते खोटं होतं."

आजूबाजूच्या हातोड्या थांबल्या. म्हाताऱ्यानं हातातला दगड फोडून पुरा केला. मग वर बघितलं.

"सहा मान्सं आल्ती म्हनून तुमी मला बोलिवलं. त्या सहांतलं कुनी मला चोर म्हनालं हुतं?"

"नाही. ते मीच म्हटलं."

"का?"

इतक्या लोकांना 'का' विचारत आलेल्या त्या माणसानं चष्मा काढला, पुन्हा लावला. मग म्हणाले, "मला सवय आहे."

"वंगाळ सवय हाय," म्हातारी मधेच म्हणाली.

"हो," साहेब म्हणाले. "सूत उद्यापासून सुरू. मी स्वतः पाठवतो."

तेव्हा म्हाताऱ्यानं दोन्ही हात पुढे केले. तळवे वर करून. बोटांना उभ्या भेगा पडलेल्या, काही भेगांत खडीची पांढरी भुकटी बसलेली, दोन नखं काळीनिळी. "ह्या बोटांत लोकर आडकती आता. धागा सरळ निगत न्हाई. तवा खोट नव्हती. आता सूत द्याल तर खरीखुरी खोट यील. मग?"

"येऊ द्या."

"तक्रारी येत्याल."

"त्या मी घेईन."

म्हातारा हसला नाही, उठला नाही. "बगू," म्हणून पुन्हा हातोडी उचलली. म्हातारीनं तांब्या पुढे केला. पाणी किती लांबून आणलेलं असेल, ते दिसतच होतं. साहेबांनी तांब्या हातात घेतला, एक घोट प्यायले आणि परत दिला. आत बघितलं नाही. मी बघत होते.

परत येताना गाडीत, नगर यायला लागलं तसं साहेब म्हणाले, "हे कमिटीपुढे लेखी गेलं पाहिजे. नाहीतर पुढचा कुणी आला, तो ते सहा अर्ज काढून त्याचं सूत पुन्हा बंद करेल. तुमचा जबाब लिहून काढा."

मी लिहिला. घाबरतच. एका ठिकाणी लिहिलं होतं, 'सदर धागे बहुतेक गाठोडे उघडताना पात्याने कापले गेले असावेत.' साहेबांनी तीनदा वाचला. मग लाल पेन्सिल घेऊन 'बहुतेक' खोडलं, 'असावेत' खोडलं आणि वर लिहिलं, 'साहेबांच्या हातातील पात्याने कापले गेले.'

कमिटीत पाच जण होते. त्यांना हे ऐकून आनंद होईल असं मला वाटलं होतं, पण तसं काही झालं नाही. चेअरमन आधी हसले. "अहो, टपावरून फेकताना हमालांनी फाडलं असेल. कशाला अंगावर ओढून घेताय? हमाल म्हणून लिहा आणि मिटवा." सोसायटीच्याच माणसानं माल खराब केला हे गिऱ्हाइकांना कळलं तर नाव जाईल, ही त्यांची अडचण. साहेब म्हणाले, "हमाल नाही. मी." तेव्हा दुसरे एक मेंबर पुढे झुकले. "महिन्याभरापूर्वी तुम्हीच त्याला चोर ठरवलंत. आज स्वतः जामखेडला जाऊन आलात. तिकडून काही पोहोचलंय का तुम्हाला?"

साहेबांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. जन्मभर दुसऱ्यांना जे विचारलं, ते आज त्यांना कुणी विचारत होतं, आणि त्यांच्याजवळ खऱ्याशिवाय काही नव्हतं.

मग मला आत बोलावलं. चेअरमन माझ्याशी गोड बोलले. "बाई, तुम्ही लहान आहात. नीट आठवा. पातं लागताना तुम्ही प्रत्यक्ष पाहिलंत, की नुसता आवाज ऐकलात? आवाज तर सुतळीचाही येतो." मला कळत होतं, मी 'आवाज ऐकला' एवढंच म्हटलं की साहेब सुटणार. हमालांवर जाणार आणि सगळं थंड होणार. मी साहेबांकडे बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते, आणि त्या नजरेत तोच जुना संशय होता. मी त्यांना वाचवायला खोटं बोलेन, असा संशय.

"पाहिलं," मी म्हटलं. "आणि नंतर हातानं तपासलं. ते धागे साहेबांनीच कापले."

महिन्याभरात साहेबांकडून तक्रारींचं काम काढून घेतलं. श्रीगोंद्याला सोसायटीचं एक एवढंसं दुकान होतं, तिथे त्यांची बदली झाली. विणकराचं सूत मात्र सुरू झालं. ते पत्र मीच टाइप केलं. तक्रारींचं टेबल माझ्याकडे आलं. जायच्या दिवशी साहेब सामान आवरून माझ्यापुढे उभे राहिले. मला वाटलं, रागावलेत. म्हणाले, "तुम्ही खरं सांगाल असं मला वाटलं नव्हतं, बाई." आणि सामान उचलून गेले.

म्हाताऱ्याचा माल आला तो खरंच ओबडधोबड होता. काठ वाकडे, मधेच गाठी. तक्रारी आल्या, मी घेतल्या. पुढच्या पावसाळ्यात पाऊस झाला. दिवाळीनंतर एके दिवशी तो स्वतः आला, माल खांद्यावर घेऊन. घोंगडं हाताला लागताच मला कळलं, जुना हात परत आलाय. त्यानं दुकानभर नजर फिरवली.

"ते सायेब कुटं हायत?"

मी सगळं सांगितलं. कमिटी, जबाब, बदली. तो उभ्यानंच ऐकत होता. मग माझ्यापुढे दोन्ही हात धरले. भेगा भरून आल्या होत्या, नुसते पांढरे वण राहिले होते.

"मी त्यास्नी माफ केल्यालं न्हाई," तो म्हणाला. "पर एवडं कळवा, बोटं बरी झाली."

मी त्याच दिवशी श्रीगोंद्याला कार्ड टाकलं. विणकर येऊन गेले, त्यांची बोटं बरी झाली असं त्यांनी कळवायला सांगितलंय, एवढंच लिहिलं. माफीचं लिहिलं नाही.

आठ दिवसांनी उत्तर आलं. बारीक, टोकदार अक्षर. नमस्कार नाही, खुशाली नाही. एकच ओळ होती.

'बोटे तुम्ही स्वतः पाहिलीत, की तो म्हणाला म्हणून लिहिलेत?'

मी दुसरं कार्ड घेतलं आणि लिहिलं, 'दहाही पाहिली.'